पांढरा खडा : चुनखडी की गारगोटी?

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)

'खडक व खनिजे कशी तयार होतात आणि ती कशी ओळखावीत' हा विषय आज माझ्याकडे दिला आहे. पत्रिकेतला विषय वाचून मागच्या बाजूला बसलेल्या काही मंडळींनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. कृषिविद्येच्या माणसाने पेरणी, खते, पाणी यावर बोलावे, दगडधोंड्यांवर काय बोलणार, असे त्यांना वाटले असावे. ते रास्त आहे. मलाही विद्यार्थी असताना भूशास्त्राचा तास कंटाळवाणाच वाटायचा. पण पुढे एका पांढऱ्या खड्याने आमच्या घरची मोसंबीची बाग घालवली. म्हणजे खड्याचा दोष नव्हता, तो ओळखण्यात मी चूक केली. तीच चूक तुमच्यापैकी कोणी करू नये म्हणून हा विषय मी आनंदाने घेतला.

आमचे गाव जालना जिल्ह्यातले. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. आमचीही वाळली. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, २०१३ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या रानात नवीन विहीर घेतली. यारी लावली, सुरुंग उडवले, पन्नास फुटांवर बऱ्यापैकी पाणी लागले. त्या विहिरीशेजारी पावणेदोन एकरात पुन्हा मोसंबीची दोनशे झाडे लावायचे ठरले. मी तेव्हा एम.एस्सी.ला होतो. सुटीत घरी आलो तर अण्णा विहिरीच्या ढिगाऱ्यावरचा एक दगड घेऊन बसलेले. काळ्या दगडात पांढरे खडे भरलेले. म्हणाले, "बघ रे, ही चुनखडी तर नाही ना? चुनखडीत मोसंबी टिकत नाही म्हणतात."

मी कॉलेजातून छोट्या बाटलीत सौम्य आम्ल आणले होते. थेंब टाकला. बुडबुडा नाही, फेस नाही. मी ऐटीत सांगितले, "अण्णा, हा चुना नाही. बिनधास्त लावा." दगडाबाबत माझे उत्तर बरोबर होते. जमिनीबाबत पूर्ण चूक होते. ते कसे, हे समजायला आधी हा दगड आला कोठून ते पाहू.

खनिज आणि खडक यांत फरक आहे. चिवडा घ्या. त्यात पोहे, दाणे, डाळं, खोबऱ्याचे काप वेगवेगळे असतात. दाणा हे खनिज समजा आणि सगळा चिवडा म्हणजे खडक. देगलूरकडचा किंवा गडचिरोलीतला ग्रॅनाइट असाच असतो, त्यातला प्रत्येक दाणा डोळ्यांनी निवडता येतो. आपला काळा पत्थर, ज्याला शास्त्रात बेसाल्ट म्हणतात, तो मात्र बेसनाच्या लाडवासारखा. त्यातही दोन-तीन खनिजे आहेतच, पण दाणा इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

असे का, याचे उत्तर आपल्या गुऱ्हाळात आहे. पाक सावकाश निवला तर खडीसाखरेसारखे मोठे स्फटिक धरतात, भरभर थंड झाला तर भेली बारीक कणांची होते. ग्रॅनाइटचा शिलारस जमिनीच्या पोटात खोलवर, फार सावकाश थंड झाला. आपल्याकडचा शिलारस जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वर आला, पाण्यासारखा पसरला आणि उघड्यावर लवकर थिजला. ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. ज्वालामुखी म्हटले की चित्रातला शंकूसारखा डोंगर डोळ्यांसमोर येतो, पण आपला ज्वालामुखी तसा नव्हता. एक थर पसरला, थंड झाला, मध्ये काही काळ गेला, मग त्यावर दुसरा. असे थरावर थर. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरलेला आहे. कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर याच थरांचे बनलेले आहे. घाटातून एस.टी.ने जाताना डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच. पूर्वेकडे जाताना हे थर पातळ होत जातात आणि नागपूरच्या आसपास संपतात.

आता प्रत्येक थराची रचना पाहा, कारण विहीर खोदताना तीच तुमच्या समोर येते. दूध उकळताना बुडबुडे वर येतात, तसे लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे थराच्या वरच्या भागात जमले आणि तेथेच अडकले. त्यामुळे थराचा माथा छिद्राछिद्रांचा आणि खालचा भाग भरीव. थंड होताना आकसल्यामुळे भरीव भागात उभ्या भेगा पडल्या. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून टेकडी आहे, तेथे असे उभे खांबच्या खांब दिसतात. पुढचा लाव्हा येईपर्यंत उघड्या माथ्याची झीज होऊन लाल माती झाली, ती नव्या थराखाली दाबली व भाजली गेली. तोच तुमचा गेरू. म्हणून विहिरीत गेरूचा पट्टा लागला की समजावे, एक थर संपला, आता त्याखालच्या जुन्या थराचा माथा लागणार.

आमच्या विहिरीचे काम घेतलेले मिस्त्री वयस्क होते, शाळा फारशी शिकलेले नव्हते. पण त्यांच्या बोलण्यात हे सगळे होते. काळी, मुरूम, काळा पाषाण, गेरू, त्याखाली मांजऱ्या आणि मग पुन्हा कातळ. पाणी कुठे लागेल हे ते भेगा पाहून सांगत. भेगा नसलेला भरीव कातळ कितीही खोल फोडला तरी कोरडाच, एवढे तरी प्रत्येकाने लक्षात ठेवावे. बोअर घेताना गेरू ढासळतो, तेथे केसिंग लागते. विहिरीबद्दल एवढे पुरे, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

मांजऱ्या खडकातली ती छिद्रे मात्र पुढे रिकामी राहिली नाहीत. खडकातून गरम पाणी फिरत राहिले, त्यात विरघळलेली द्रव्ये छिद्रांच्या भिंतींवर सावकाश जमत गेली. कुठे सिलिका जमली, तिची गारगोटी किंवा पट्ट्यापट्ट्यांचा अकीक झाला. कुठे चुन्याचा स्फटिक, म्हणजे कॅल्साइट, झाला. आणि पुष्कळ ठिकाणी झिओलाइट नावाच्या गटातली खनिजे झाली. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरला गारगोटी नावाचे संग्रहालयच आहे, नाशिककडे गेलात तर मुलांना घेऊन जरूर पाहा. अजिंठ्याला स्फटिक विकणारी मुले मागे लागतात, त्यांच्या हातातही बहुधा हेच असते.

आता मुख्य मुद्दा. तिन्ही खनिजे पांढरी. गावात तिन्हींना लोक गारगोटी म्हणतात, नाहीतर तिन्हींना चुनखडी म्हणतात. ओळखायचे कसे?

रंगावर कधीही जाऊ नका. रंग हा सर्वांत फसवा. खिशातला चाकू काढा आणि टोकाने ओरखडा ओढा. गारगोटीवर ओरखडा उठत नाही, उलट चाकूचेच पोलाद घासून राखाडी रेघ उमटते. गारगोटीचा टोकदार तुकडा काचेच्या बाटलीवर ओढला तर काचेवर चरा पडतो. जुने लोक चकमकीला गारगोटी वापरत ते या कठीणपणामुळेच. फ्रीडरिश मोस या शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पायरी लावली. त्यात शंखजिरे पहिले, हिरा दहावा. गारगोटी सातवी, कॅल्साइट तिसरा, आपला चाकू साधारण साडेपाचच्या आसपास आणि बोटाचे नख अडीच. म्हणजे कॅल्साइटवर चाकूचा ओरखडा सहज पडतो, नखाचा पडत नाही. नखानेसुद्धा ओरखडा पडला तर ते जिप्सम असू शकते.

झिओलाइटवर चाकूचा ओरखडा बहुतेक वेळा पडतो, त्यामुळे तो आणि कॅल्साइट यांत घोटाळा होतो. येथे आकार पाहा. कॅल्साइट फोडला तर तिरप्या डबीसारखे तुकडे होतात, बारीकातला बारीक तुकडासुद्धा तसाच तिरपा. स्वच्छ पारदर्शक तुकडा मिळाला तर वर्तमानपत्रावर ठेवून पाहा, खालची अक्षरे दुहेरी दिसतात. झिओलाइटमधला आपल्याकडे नेहमी सापडणारा स्टिल्बाइट म्हणजे मध्ये आवळून बांधलेली कडब्याची पेंढीच. दोन्ही टोके फुललेली, रंग पांढरा किंवा फिकट गुलाबी, चमक मोत्यासारखी. दुसरा एक प्रकार सुयांच्या जुडग्यासारखा असतो. हातात घेतला तर स्टिल्बाइट त्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा हलका लागतो. त्याच्या अंगात पाणी असते. १७५६ मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा खडा तापवला तेव्हा तो पाणी सोडून उकळल्यासारखा दिसला, म्हणून त्याने त्याला ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड' या अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले.

हल्ली झिओलाइटची पोती जमीन सुधारक म्हणून विकायला येतात. झिओलाइट पाणी आणि अमोनियम धरून ठेवू शकतो, हे खरे. पण आपल्या भारी काळ्या मातीत तेच काम करणारी चिकणमाती आधीच भरपूर आहे. पैसे मोजण्यापूर्वी दोन ओळींत वापरून पाहावे, दोन ओळी तशाच ठेवाव्यात. आणि विहिरीतला झिओलाइट कुटून शेतात टाकण्याच्या फंदात तर पडूच नये.

शेवटची आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत कामाची परीक्षा आम्लाची. कॅल्साइट आणि चुनखडी यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफस होते. गारगोटी आणि झिओलाइट गप्प बसतात. काळा पत्थरही गप्प बसतो. एक भाग तीव्र आम्ल आणि नऊ भाग पाणी असे प्रमाण पुरे. आम्ल हळूहळू पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. प्लॅस्टिकची किंवा काचेची बाटली वापरावी, डोळे जपावेत, बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. हे नको असेल तर खड्याची कुटून पूड करा, त्यावर लिंबू पिळा आणि कानाजवळ धरा. चुना असेल तर बारीक चुरचुर ऐकू येते. जमिनीच्या पृष्ठभागावर उन्हाळ्यात जो पांढरा थर येतो तो मात्र आणखी वेगळा. पाण्यात विरघळला आणि जिभेला खारट लागला तर तो खार आहे, त्याचा इलाज निचरा.

मग माझे चुकले कुठे? मी तपासला तो दगड मांजऱ्यातला झिओलाइट होता. तो होता पस्तीस-चाळीस फुटांवरचा. मोसंबीची मुळे तेथे कधीच जाणार नव्हती. मुळांना हवी असते वरची चार-पाच फूट जमीन. आणि बंधूंनो, विहिरीचा ढिगारा म्हणजे उलटी जमीन असते. जे आधी निघाले ते तळाला गाडले जाते आणि जे शेवटी निघाले ते वर बसते. वरची काळी, तिच्याखालची पांढरट माती हे सगळे ढिगाऱ्याच्या बुडाशी गेले होते. मी वरचे चकाकणारे खडे पाहिले आणि निकाल देऊन मोकळा झालो.

त्या पांढरट मातीत सुपारीएवढे, आवळ्याएवढे ओबडधोबड खडे होते. न चमकणारे, फोडले तर आतून मळकट पांढरे. हीच आपली चुनखडी. ही लाव्ह्यात तयार झालेली नाही, ती मातीतच तयार होते. काळ्या पत्थरात कॅल्शियम ऑक्साइड सुमारे दहा टक्के असते, पण ते खनिजांत बांधलेले असते. दगड कुजून माती होताना ते सुटते, पावसाच्या पाण्याबरोबर थोडे खाली जाते. पाऊस भरपूर असेल तर ते वाहून निघून जाते. कोकणात तसेच झाले. तेथे चुना गेला, सिलिकाही बरीच गेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिले आणि त्याचा जांभा झाला. म्हणून कोकणातली माती आम्लधर्मी. आपल्याकडे पाऊस थोडा, पाणी दोन-तीन फुटांवर जाऊन सुकते आणि चुना तेथेच खाली बसतो. हजारो वर्षे असे थराथराने बसून खडा होतो. दगड तोच, फरक पावसाचा.

झाडे लावली २०१४ च्या पावसाळ्यात. दोन वर्षे बाग पाहण्यासारखी होती, येणारे-जाणारे थांबून पाहत. तिसऱ्या वर्षी मुळे त्या पांढऱ्या थरात गेली आणि शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. उसात आपण ज्याला केवडा म्हणतो, तोच प्रकार. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे सामू आठच्या पुढे जातो आणि लोह मुळांना घेता येत नाही. स्फुरदही चुन्याशी बांधले जाते. आधी वाटले पाणी जास्त झाले, मग वाटले रोग आहे. औषधांवर खर्च झाला. शेवटी मी झाडाशेजारी खड्डा घेतला. अडीच फुटांवर आम्लाचा थेंब टाकला तर ताकासारखा फेस आला.

अण्णा खड्ड्याच्या कडेला उभे होते. एवढेच म्हणाले, "तू तर बघितलं होतं ना रे?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही फारसे नाही.

पुष्कळांना वाटते, चुना आहे तर काहीतरी टाकून घालवू. हिशेब करून पाहा. एक एकर जमिनीच्या एक फूट थराचे वजन साधारण १६ लाख किलो भरते. त्यात मुक्त चुना १० टक्के धरला तर तो झाला १६० टन. शंभर किलो चुना संपवायला ३२ किलो गंधक लागते, म्हणजे एकरी पन्नास टनांच्या आसपास. आणि हा एकाच फुटाचा हिशेब झाला. थोडे गंधक, शेणखत, ताग गाडणे यांचा मुळांजवळ उपयोग होतो, तो जरूर करावा, पण चुना त्याने जात नाही. काही जण चुनखडीच्या जमिनीत जिप्सम टाकतात. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे, माती परीक्षण करून त्या प्रमाणातच टाकावे. चुनखडीचा त्रास जिप्समने कमी होत नाही, पैसे मात्र जातात.

म्हणून जे करायचे ते लागवडीआधी. मोसंबी, संत्रा यांसाठी मुक्त चुना १० टक्क्यांच्या आत असावा आणि निचऱ्याची जमीन किमान मीटरभर खोल असावी. रानात दोन-तीन ठिकाणी, उंच भागात एक आणि सखल भागात एक तरी, चार-पाच फूट खोल खड्डा घ्या. आत उतरून उजेडाकडची बाजू खुरप्याने तासून साफ करा आणि वरून खाली दर अर्ध्या फुटावर एक थेंब टाकत जा. फेस नुसता ऐकू येतो, दिसतो की उसळून येतो, हे चिठ्ठीवर लिहा. जेथे उसळून येतो त्या थराची माती वेगळ्या पिशवीत भरा. सगळ्या थरांची माती एकत्र कालवली तर परीक्षणाचा काही उपयोग नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. २०१५ पासून जी जमीन आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात बारा घटक असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये. मुक्त चुना त्या बारांत नाही. शिवाय तो नमुना वरच्या थराचा असतो. पत्रिका चांगली आली म्हणून फळबाग लावायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका. प्रयोगशाळेत नमुना देताना 'फळबागेसाठी, मुक्त चुन्यासह' असे स्वतः सांगा, लिहून द्या.

चुना जास्त निघाला तर मोसंबीचा हट्ट धरू नये. सीताफळ, बोर, आवळा ही झाडे अशी जमीन बऱ्यापैकी सोसतात, डाळिंबही बेताचा चुना सोसते. मोसंबीच लावायची आणि चुना मर्यादेच्या काठावर असेल तर जंभेरीपेक्षा रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमे घ्यावीत. ज्यांची बाग उभी आहे आणि पिवळी पडते आहे, त्यांनी नवी पालवी आल्यावर अर्धा टक्का हिराकसाची फवारणी करावी, म्हणजे दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम. पाने हिरवी होतात, पण पुढच्या पालवीला पुन्हा करावी लागते. खताबरोबर आळ्यात नुसते हिराकस टाकले तर चुना ते लगेच बांधून टाकतो. टाकायचेच तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून टाका.

आमच्या बागेतली सखल भागातली सव्वाशे झाडे शेवटी काढली. तेथे सीताफळ आहे आणि ते बरे चालले आहे. वरच्या बाजूला मुरूम लवकर लागतो, तेथे चुना कमी आहे, त्या झाडांना अजून मोसंबी येते. ढिगारा अजून विहिरीच्या काठावर आहे, माझी पुतणी त्यातल्या पेंढ्या वेचून डब्यात ठेवते.

येथे टेबलावर मी त्याच ढिगाऱ्यातले खडे मांडून ठेवले आहेत. चाकू आहे, काचेची बाटली आहे, लिंबू आणि आम्ल आहे. कार्यक्रम संपल्यावर पुढे या आणि स्वतःच्या हाताने ओरखडे ओढून पाहा. ज्यांनी आपल्या रानातले खडे पिशवीत आणले आहेत त्यांनी ते कोणत्या खोलीवरून आणले तेवढे मात्र आधी सांगावे.